दुखऱ्या खुब्याची मात्रा



आजच्या बोलण्याची सुरुवात मी एका शब्दापासून करणार आहे. तो शब्द म्हणजे खुबा. 'आजी न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं', हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकानं कधी ना कधी ऐकलेलं असतं. गंमत अशी, की हाड मोडेपर्यंत आपल्याला खुबा आठवतच नाही. तो नुसता दुखत असतो तेव्हा आपण म्हणतो, कंबर धरली. नाहीतर म्हणतो, मांडी भरून आली. बरगडीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जे जे दुखतं, त्या सगळ्याला आपल्या बोलण्यात एकच नाव, कंबर. कवितेत मोघम शब्द आला तर फार तर एक ओळ पडते. दुखण्याला मोघम नाव दिलं तर औषधपाणीच भलतीकडे जातं.

म्हणून आज थोडं खुब्याविषयी बोलू. तेही अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नव्हे, तर चालत्या-फिरत्या माणसाच्या खुब्याविषयी. रोज सकाळी टेकडी चढणारे निवृत्त गृहस्थ, मॅरेथॉनच्या तयारीला लागलेली तरुण मुलं, वाफ्यात उकिडवं बसून खुरपणाऱ्या बाया, आळंदीहून पंढरपूरपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर चालणारे वारकरी, पाच वेळा नमाजला उभे राहणारे माझ्यासारखे लोक. या सगळ्यांचा खुबा दुखू लागला, की घरात आणि शेजारात सल्ला एकच मिळतो : 'आता बस्स झालं. जरा आराम करा.' हा सल्ला प्रेमाचा असतो, यात शंका नाही. पण तो पुरेसा आहे का, एवढंच आपल्याला पाहायचं आहे.

आधी हा सांधा कसा आहे ते पाहू. शाळेच्या पुस्तकात दोन सांधे आपण शिकलो होतो. गुडघा हा बिजागरीचा सांधा आणि खांदा व खुबा हे उखळीचे सांधे. मांडीच्या हाडाचं वरचं टोक चेंडूसारखं गोल असतं आणि ते कटीराच्या हाडातल्या खोलगट उखळीत बसतं. खांद्याची उखळ उथळ असते, म्हणून हात चहूकडे फिरतो, पण निखळतोही लवकर. खुब्याची उखळ खोल. तिच्या काठाला कूर्चेची एक कड असते आणि भोवती जाड अस्थिबंधांचं वेष्टण. त्यातला पुढच्या बाजूचा अस्थिबंध हा आपल्या शरीरातल्या सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी एक आहे. एवढा बंदोबस्त का, तर भार तसा आहे. साध्या चालण्यातसुद्धा या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटीच्या आसपास भार येतो. पळताना तो आणखी वाढतो.

अडीच पट कशी, असा प्रश्न पडेल. चालणं म्हणजे दोन पायांचं काम, असं आपण समजतो. प्रत्यक्षात चालताना पाचपैकी साधारण चार भाग वेळ आपण एकाच पायावर उभे असतो, कारण दुसरा हवेत असतो. ज्या क्षणी उजवा पाय उचलला जातो, त्या क्षणी कंबर उजवीकडे कलंडायला हवी. ती कलंडत नाही, कारण डाव्या कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाचे स्नायू तिला खेचून धरतात. आता एक तराजू डोळ्यांसमोर आणा. त्याची एक दांडी लांब आहे आणि दुसरी आखूड. लांब दांडीला सगळं शरीर टांगलंय आणि आखूड दांडीला हे स्नायू ओढताहेत. दांडी आखूड असली की जोर जास्त लावावा लागतो. शरीराचं वजन आणि त्या स्नायूंची ओढ, दोन्ही मिळून सांध्यावर दाबतात. हा हिशेब प्रत्येक पावलाला होतो. पाच हजार पावलं चाललात, तर अडीच हजार वेळा डाव्या खुब्यानं आणि अडीच हजार वेळा उजव्यानं तुम्हाला तोललेलं असतं.

आता दुखण्याकडे वळू. दोन वर्षांपूर्वी माझा डावा खुबा दुखू लागला. मी साताऱ्याचा. पहाटेची नमाज झाली की अजिंक्यतारा चढायचा, हा अनेक वर्षांचा परिपाठ. चढावर कुल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला कळ येऊ लागली. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की जाग यायची. डॉक्टरांनी तपासून फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिथली मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. मी म्हटलं, "डॉक्टर, कंबर दुखतेय." ती म्हणाली, "काका, कंबर राहू दे. एका बोटानं दाखवा, नेमकं कुठं?"

एका बोटानं दाखवा. या तीन शब्दांत या शास्त्राचा पहिला धडा आहे. खुब्याच्या आसपासचं दुखणं ढोबळमानानं तीन ठिकाणी येतं, आणि ठिकाण बदललं की सहसा कारण बदलतं.

पहिलं ठिकाण म्हणजे जांघ. खोल सांध्यातलं दुखणं, म्हणजे झीज, उखळीच्या कडेची इजा किंवा हाडाच्या गोळ्याचा आजार, बहुतेक वेळा जांघेत जाणवतं. कधी ते मांडीच्या पुढून गुडघ्यापर्यंतही उतरतं. गुडघ्याचे एक्स-रे काढत राहायचे आणि दोष मात्र खुब्यात, असंही घडतं. मोजे घालताना, पायाची नखं काढताना, गाडीतून उतरताना जांघेत कळ येत असेल तर खुब्याच्या सांध्याकडे पाहायला हवं.

दुसरं ठिकाण बाहेरच्या अंगाचं. पँटच्या खिशाखाली हाताला जे हाड लागतं, तिथलं. त्या हाडाला मघाशी सांगितलेल्या तोलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा येऊन चिकटतात. स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी म्हणजे कंडरा. ही दोरी अशक्त झाली किंवा हाडावर वारंवार दाबली गेली, की ती दुखू लागते. चाळिशीनंतरच्या बायकांमध्ये हे दुखणं विशेष आढळतं.

तिसरं ठिकाण मागचं, कुल्ल्यातलं. तिथल्या दुखण्याचं मूळ पुष्कळदा खुब्यात नसतं, पाठीच्या कण्यात असतं. तिथून निघणाऱ्या नसेवर दाब आला की कळ कुल्ल्यातून पायात उतरते.

हे तीन कप्पे अगदी काटेकोर नाहीत. दुखणी एकमेकांच्या हद्दीत शिरतात. म्हणूनच तपासणारा जाणकार लागतो. पण आपण निदान बोट ठेवून सांगितलं, तर त्याचं अर्धं काम होतं.

माझं बोट बाहेरच्या हाडावर गेलं. मग तिनं मला एका पायावर उभं केलं, अर्ध्या मिनिटासाठी. वीस सेकंदांत बाहेर कळ उमटली आणि उजवीकडची कंबर किंचित खाली आली. ही तपासणी जुनी आहे. फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन शल्यविशारदानं १८९५ मध्ये ती प्रथम मांडली. यंत्र नाही, तार नाही. माणसाला एका पायावर उभं करायचं आणि कंबर कुठे झुकते ते पाहायचं. सव्वाशे वर्षांनंतरही ती रोजच्या वापरात आहे.

मग उपचार सुरू झाले. शेक, मशीन, मालिश अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी बरं वाटतं आणि बरं वाटण्यालाही किंमत आहे. पण तिनं सांगितलं, "शेकानं दुखणं काही वेळ झोपेल. स्नायूला ताकद यायची तर त्याला काम द्यावं लागेल. किती द्यायचं ते मी ठरवते."

किती द्यायचं, यातच सगळी फिजिओथेरपी आली. मला इथे माझ्या धंद्यातला शब्द आठवला, मात्रा. आम्ही कवी मात्रा मोजतो. ऱ्हस्वाची एक, दीर्घाची दोन. एक जास्त झाली तर वृत्त मोडतं आणि एक कमी पडली तरी मोडतं. आणि जुने वैद्य सहाणेवर उगाळून द्यायचे तीही मात्राच. व्यायामाचंही तसंच आहे. जास्त झाला तर कंडरा चिडते. कमी झाला तर ती सुस्तावते आणि दिवसेंदिवस दुबळी होते. संपूर्ण आराम म्हणजे शून्य मात्रा. दोन-चार दिवस ती ठीक. महिनोन् महिने शून्य मात्रा घेतली, तर स्नायू वाळतात, पायऱ्या जड वाटू लागतात, मग पायऱ्या टाळल्या जातात आणि ताकद आणखी घटते. हे चक्र एकदा फिरू लागलं, की माणूस आपल्याच घरात एकेक खोली हरत जातो.

माझ्या मात्रेचे दोन भाग होते. पहिला भाग दुखऱ्या दोरीवरचा दाब काढण्याचा. उभं राहताना एका पायावर भार टाकून एक कुल्ला बाहेर काढायचा नाही. कडेवर मूल किंवा घागर घेणाऱ्या बायकांची हीच ढब असते. त्यांनी निदान बाजू बदलत राहावं. खुर्चीत गुडघ्यावर गुडघा टाकून बसायचं नाही. दुखऱ्या कुशीवर झोपायचं नाही, आणि दुसऱ्या कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांमध्ये जाड उशी ठेवायची, म्हणजे वरचा पाय पुढे घसरून दोरी ताणली जात नाही. आणखी एक गोष्ट ऐकून नवल वाटेल. गुडघा छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे ओढून कुल्ल्याला ताण देण्याचा व्यायाम बरेच लोक आवडीनं करतात. बाहेरच्या अंगाच्या या दुखण्यात तो सहसा नको, कारण त्यानं कंडरा हाडावर आणखी दाबली जाते.

दुसरा भाग ताकदीचा. सुरुवातीला उताणं झोपून गुडघ्यांभोवती पट्टा बांधायचा आणि गुडघे बाहेरच्या बाजूला हळूच दाबून धरायचे. हालचाल दिसत नाही, पण स्नायू जागा होतो. मग गुडघे दुमडून पाठीवर झोपायचं आणि कंबर पुलासारखी उचलायची. मग हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं. मग जिन्याच्या एका पायरीवर एक पाय ठेवून संथपणे चढायचं, आरशात बघत, कंबर झुकू न देता. शेवटी पायांना रबरी पट्टा घालून आडवं चालायचं, खेकड्यासारखं. घरातल्या नातवंडांना हा शेवटचा प्रकार फार आवडला.

आणि किल्ला? तो बंद झाला नाही, त्याची मात्रा बदलली. पहिले काही आठवडे सपाट रस्ता, पंचवीस मिनिटं. सहाव्या आठवड्यापासून एक दिवसाआड अर्धा चढ. तिसऱ्या महिन्यात वरपर्यंत. दुखण्याचं मोजमापही तिनं शिकवलं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, असं धरलं तर व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आदल्या दिवसाच्या मूळ पातळीवर परतलं पाहिजे. परतलं नाही तर मात्रा जास्त झाली, थोडी उतरवायची. सोडायची मात्र नाही. दुखणं म्हणजे नेहमीच धोक्याची घंटा नसते. कधी कधी तो नुसता हिशेबनीस असतो.

हे एकट्या माझ्या अनुभवावरून सांगत नाही. ऑस्ट्रेलियात बाहेरच्या अंगाच्या याच दुखण्यावर एक चाचणी झाली. २०१८ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाली. ३५ ते ७० वयाची २०४ माणसं, बहुतेक स्त्रिया. त्यांचे तीन गट केले. एका गटाला आठ आठवड्यांत चौदा वेळा फिजिओथेरपिस्टकडून समज आणि व्यायाम, दुसऱ्याला स्टेरॉइडचं एक इंजेक्शन, तिसऱ्याला नुसता धीर आणि वाट पाहणं. आठ आठवड्यांनी व्यायामाच्या गटात सुमारे ७७ टक्के लोकांनी चांगला फरक पडल्याचं सांगितलं, इंजेक्शनच्या गटात सुमारे ५८ टक्के लोकांनी आणि वाट पाहणाऱ्यांत २९ टक्के लोकांनी. वर्षानंतरही व्यायामाचा गट पुढेच होता. नुसत्या वेदनेच्या आकड्यात मात्र वर्षाअखेरीस इंजेक्शन आणि व्यायाम यांत फारसा फरक उरला नव्हता. तेही सांगायला हवं. पण एकंदर आपण बरे आहोत, असं म्हणणारे व्यायामाच्याच गटात जास्त होते.

आता जांघेच्या दुखण्याकडे येतो. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो. वय बासष्ट. उभा जन्म शेतावर आणि शिलाईयंत्रावर गेलेला. तिला जांघेत दुखू लागलं आणि चपलेचा पट्टा लावायला वाकता येईना. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसली. घरातल्यांनी तिला पलंगावर बसवलं आणि पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून देऊ लागले. ती मला फोनवर म्हणाली, "भाईजान, हे लोक माझी खिदमत करतायत की मला कैद करतायत?"

झिजलेला सांधा वापरला की आणखी झिजतो, हा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. सांधा म्हणजे गाडीचा टायर नव्हे. टायर जिवंत नसतो, कूर्चा जिवंत असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. सांधा हलला, भार आला आणि गेला, की स्पंज दाबून सोडल्यासारखं सांध्यातलं द्रव्य तिच्यात जातं-येतं आणि त्यातून तिला पोषण मिळतं. डेन्मार्कमध्ये २०१३ साली गुडघ्याच्या आणि खुब्याच्या झिजेसाठी एक कार्यक्रम सुरू झाला. आधी दुखण्याची नीट माहिती आणि मग सहा आठवड्यांत देखरेखीखाली बारा वेळा व्यायाम. आता तो कॅनडा, ऑस्ट्रेलिया, चीन अशा अनेक देशांत चालतो. त्यात नवं यंत्र एकही नाही. उठणं, बसणं, पायरी चढणं, तोल सांभाळणं, हेच सगळं, पण मात्रेत.

आपाला दोन गोष्टी मिळाल्या, व्यायाम आणि काठी. काठी तिला नको होती. काठी म्हणजे म्हातारपण, असं तिचं म्हणणं. अमेरिकेतले अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये एक व्याख्यान दिलं, त्याचा विषयच होता, काठी फेकून देऊ नका. काठी कोणत्या हातात धरायची, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. ती दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. मघाचा तराजू आठवा. लांब दांडीच्या टोकाला काठीनं थोडा टेकू दिला, की आखूड दांडीकडच्या स्नायूंना कमी ओढावं लागतं आणि सांध्यावरचा भार पुष्कळ उतरतो. आपा आता काठी घेऊन बाजारात जाते, भाजीवाल्याशी घासाघीस करते आणि त्याच काठीनं भोपळे वाजवून बघते.

तिला पुढे शस्त्रक्रिया लागेलही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला खुब्याचं कृत्रिम सांधारोपण ज्या रूपात यशस्वी केलं, त्यानं जगभरातल्या असंख्य माणसांना पुन्हा चालतं केलं. सांधा पार झिजला आणि व्यायाम करूनही रात्र रात्र झोप येत नसेल, तर शस्त्रक्रिया हा उत्तम मार्ग आहे. तिला घाबरण्याचं कारण नाही. पण शस्त्रक्रियेनंतरही दुसऱ्या दिवसापासून दारात उभा राहतो तो फिजिओथेरपिस्टच.

तरुणांचा खुबाही दुखतो. काहींच्या मांडीच्या हाडाचा गोळा किंवा उखळीची कड जन्मतः वा वाढीच्या वयात थोडी वेगळी घडते आणि खोल वाकताना दोन्ही हाडं एकमेकांना ठोसतात. स्वित्झर्लंडच्या राइनहोल्ड गांझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे नीट मांडलं. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ३४८ रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला दुर्बिणीची शस्त्रक्रिया आणि दुसऱ्याला फिजिओथेरपी दिली. दोन्ही गट सुधारले. वर्षानंतर शस्त्रक्रियेचा गट थोडा अधिक सुधारलेला होता. म्हणजे शस्त्रक्रिया उपयोगी आहे, पण पहिली पायरी चढून पाहायला हरकत नाही.

मात्र काही वेळा मात्रेचा हा हिशेब बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे धावायला हवं, आणि हे मी मुद्दाम सावकाश सांगतो. पडल्यानंतर पायावर उभं राहता येत नसेल तर लगेच. तापाबरोबर सांधा असह्य दुखत असेल तर लगेच. पळणाऱ्या मुलामुलींना जांघेत कळ येत असेल, ती प्रत्येक पावलाला वाढत असेल आणि एका पायावर उडी मारता येत नसेल, तर पळणं त्याच दिवशी थांबवावं. मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक चीर गेलेली असू शकते आणि ती तशीच वापरली तर हाड मोडू शकतं. ज्यांनी काही कारणानं स्टेरॉइडची औषधं बराच काळ घेतली आहेत, ज्यांना दारूची सवय आहे किंवा ज्यांना सिकलसेलचा आजार आहे, त्यांच्या जांघेचं दुखणं अंगावर काढू नये. हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होऊन तो आतून ढासळतो, असा एक आजार आहे. सुरुवातीला साधा एक्स-रे चांगला येतो आणि एमआरआयमध्येच तो दिसतो. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, म्हणून तिथल्या श्रोत्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

फिजिओथेरपी हे श्रीमंतांचं आणि क्रिकेटपटूंचं प्रकरण, असंही काहींना वाटतं. आपल्याकडे तिची सुरुवात फार वेगळी आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय निघालं आणि त्यामागे पोलिओच्या साथीचं कारण होतं. गरिबाघरच्या लेकरांना पुन्हा पायांवर उभं करण्यासाठी ही विद्या इथे आली. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं या व्यवसायाच्या शिक्षणाला आणि नोंदणीला चौकट दिली. तेव्हा कुल्ल्यावर पाय देऊन 'कडकन् आवाज काढणाऱ्या' माणसाकडे जाण्याआधी शिकलेल्या माणसाचा पत्ता विचारावा. बऱ्याच सरकारी रुग्णालयांतही हा विभाग असतो.

शेवटी एक गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्या मुलीनं पहिल्याच दिवशी मला विचारलं होतं, "काका, बरं झाल्यावर तुम्हाला काय करायचंय?" मी म्हटलं, जमिनीवर बसायचंय.

आपलं जगणं जमिनीला धरून आहे. जेवायची पंगत, भजनाची बैठक, मुशायऱ्याची गादी, खुरपणी, दस्तरखान, सगळं जमिनीवर. मांडी घालायला खुबा वाकावा लागतो, उघडावा लागतो आणि बाहेर वळावा लागतो, तिन्ही एकदम. नमाजचं पाहा. दिवसाच्या पाच फर्ज नमाजा मिळून सतरा रकात होतात आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे चौतीस वेळा कपाळ जमिनीला टेकतं. नमाज हा व्यायाम नव्हे, ती इबादत आहे. पण खुब्याला त्यातून रोजचं काम मिळतं, हे खरंच. ज्याला जमत नाही त्यानं खुर्चीवर बसून, तेही शक्य नसेल तर पडून नमाज पढावी, अशी सवलत धर्मानं स्वतःच दिलेली आहे. तिच्यात कमीपणा नाही. आपा खुर्चीवर नमाज पढते आणि तिची दुआ माझ्या दुआपेक्षा आधी पोहोचत असेल, असं मला नेहमी वाटतं.

फरक इतकाच, की खुर्ची ही गरज म्हणून यावी, भीती म्हणून येऊ नये. जमीन सुटणं फार गुपचूप होतं. आज पंगतीत बसायचं टाळलं, उद्या मातीच्या घरातल्या मावशीकडे जायचं टाळलं, परवा वारीला जायचं टाळलं. कुणी मनाई केलेली नसते. दुखऱ्या खुब्याकडे नुसतं सांध्याचं दुखणं म्हणून पाहू नये ते यासाठी. त्याच्याबरोबर माणसाची बसाउठायची माणसं कमी होत जातात. फिजिओथेरपिस्ट ज्याला उपचाराचं उद्दिष्ट म्हणतात, ते म्हणजे खरं तर या माणसांपर्यंत परतण्याची वाट.

तेव्हा श्रोतेहो, खुबा दुखला तर तीन गोष्टी करा. दुखणं कुठं आहे ते एका बोटानं दाखवा. धोक्याची कोणतीही खूण असेल तर आधी डॉक्टरांना गाठा. आणि ती नसेल, तर हालचाल सोडू नका, तिची मात्रा जाणकाराकडून ठरवून घ्या आणि तीन महिने धीर धरा. स्नायूची ताकद कवितेसारखीच सावकाश येते. घाईनं येत नाही, पण रोज बसलं की येते.